ट्यूबलाइट फुटते तेव्हा पारा कुठे जातो?

उर्दूत पाऱ्याला 'सीमाब' म्हणतात. फारसीतले 'सीम' म्हणजे चांदी आणि 'आब' म्हणजे पाणी. ग्रीकांनीही त्याचे नाव पाणी आणि चांदी जोडूनच केले होते. रसायनशास्त्रातली 'एचजी' ही खूण त्या नावावरून आली. एका नामवंत शायराने तर हेच तखल्लुस घेतले, सीमाब अकबराबादी. एका जागी न ठरणाऱ्या मनाला शायर पाऱ्याची उपमा देतात. शेरात ते छान वाटते. भंगाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाऱ्याचे एका जागी न ठरणे हीच खरी अडचण आहे.

शिक्रापूरच्या चौकातून चाकण रस्त्याला लागा किंवा सणसवाडीकडे जा, भंगाराची गोदामे दिसतीलच. कारखाने, शाळा, दुकाने, मशिदी, सगळीकडे जुन्या ट्यूबा काढून एलईडी बसवले जात आहेत. एलईडीत पारा नसतो, बदल चांगलाच आहे. पण काढलेल्या ट्यूबांचे काय? रमजानआधी मशिदीची रंगरंगोटी होते, नवे दिवे लागतात आणि जुन्या ट्यूबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. तिथे एखादा पोरगा त्या फोडतो, कारण दोन्ही टोकांच्या टोप्यांतले अॅल्युमिनियम विकले जाते. काच आणि पांढरी भुकटी उकिरड्यावर जाते. पारा त्या भुकटीला चिकटलेला असतो आणि उरलेला वाफ होऊन हवेत मिसळतो. ती वाफ दिसत नाही, तिला वासही नाही. श्वासातून आत गेली की तिचा बहुतेक भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि मेंदू व मूत्रपिंडावर परिणाम करतो. लहान मुलांना धोका जास्त.

'एका ट्यूबमध्ये असतो किती पारा?' असे लोक विचारतात. काही मिलिग्रॅमच. घरात एखादी ट्यूब फुटली तर घाबरून जाण्यासारखे काही नाही. पण पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, यावरून हिशेब करा. आणि गोदामातला पोरगा एक ट्यूब फोडत नाही, तो रोज फोडतो, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली. उष्णतेने पाऱ्याची वाफ वाढते.

पाऱ्याला बांधून ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे. आठव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांत सगळे धातू पारा आणि गंधकापासून बनतात असा सिद्धांत आहे. तो चुकीचा ठरला, पण ही जोडी मात्र खरी निघाली. गंधकाशी संयोग झाला की पाऱ्याचा सल्फाइड बनतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याची वाफही सहज होत नाही. वैद्यांची कज्जली याच मिश्रणाची आणि हकिमांचा शिंगरफ, म्हणजे आपला हिंगूळ, हे त्याचेच खनिज रूप. (कोणी हे वाचून घरी औषध म्हणून खल करू नये. सल्फाइड पाण्यात विरघळत नाही म्हणून तो पोटात घालण्याजोगा होत नाही.)

आजची प्रक्रिया तेच काम नेमकेपणाने करते. दूषित काच आणि भुकटी आधी बंद भट्टीत तापवतात. ३५७ अंश सेल्सिअसला पारा उकळतो. त्याची वाफ थंड करून द्रव पारा परत मिळवतात आणि निसटणारी वाफ गंधक बसवलेल्या कोळशाच्या गाळणीत अडवतात. सांडपाण्यात सोडियम सल्फाइड घालून पारा खाली बसवतात. तेही मोजून, कारण सल्फाइड जास्त झाला की बसलेला पारा पुन्हा विरघळू लागतो. शेवटी उरलेला पारा गंधकात नीट मिसळून त्याचे घट्ट ठोकळे करतात आणि अस्तर लावलेल्या खड्ड्यात ठेवतात. नुसती गंधकाची पूड वरून शिंपडली तर पाऱ्याच्या थेंबावर पातळ साय धरते आणि आतला पारा तसाच राहतो.

कोडाईकनाल आठवा. हिंदुस्तान लिव्हरच्या तिथल्या थर्मामीटरच्या कारखान्याची पारा लागलेली काच मार्च २००१ मध्ये गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली. कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला, कारण प्रक्रिया तिकडे व्हायची होती. दोन दशकांनंतरही भंगाराच्या दुकानापर्यंतचा रस्ता तोच आहे, फक्त आता मालाचे नाव ट्यूब आहे.

मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवेही येतात आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामूहिक केंद्र तर आपल्या शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शिक्रापूरपासून पंधराएक किलोमीटर. आसपासच्या गावांच्या तक्रारीही वर्तमानपत्रांत येत असतात, आणि त्यांची दखल घेतली गेलीच पाहिजे. मोठ्या कंपन्यांचा माल कागदपत्रांसह अशा केंद्रांपर्यंत जातो. हातगाडीवाल्याला मात्र त्या फाटकातून आत जायची वाटच नाही. म्हणून त्याला दोष देऊन भागणार नाही. आपल्या भागात या धंद्यात मुस्लिम कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यांना 'ट्यूब घेऊ नका' एवढेच सांगणे म्हणजे त्यांच्या रोजीवर बोट ठेवून स्वतः हात झटकणे. ट्यूब न फोडता आणून दिली तर नगाला ठरलेले पैसे मिळाले पाहिजेत, आणि तो पैसा दिवे विकणाऱ्या कंपन्यांनी दिला पाहिजे. ग्रामपंचायतीने एक बंद खोली दिली आणि महिन्यातून एकदा टेम्पो आला तरी सुरुवात होईल. मागणी करायला भंगारवाल्यांची संघटना, मशिदींचे ट्रस्ट आणि शाळा एकत्र येऊ शकतात. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यायचा.

तोपर्यंत जुन्या ट्यूबा त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवा, फोडू नका. एखादी फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा आणि पंधरा मिनिटे थांबा. झाडू मारू नका. जाड पुठ्ठ्याने काच उचला, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपा आणि सगळे झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करा. बरणीवर उर्दूत, मराठीत, दोन्हींत लिहा: पारा.