समीकरणातील उंदीर

साथीच्या रोगांच्या गणितावरील ग्रंथांतून एक आलेख वारंवार आढळतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली हे त्यात ठिपक्यांनी दर्शविले असून, त्यांमधून घंटेच्या आकाराची एक सुबक वक्ररेषा जाते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी तो १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रोगास बळी पडू शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली आली, की सर्वांना लागण होण्यापूर्वीच साथ ओसरू लागते, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा होय.

तथापि प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेले, की त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांकडे वळतात. घरात उंदीर पडू लागले म्हणजे घर सोडावे, हे लोक अनुभवाने शिकले होते. दोन्ही लेखकही हे जाणून होते. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत आणि समीकरण अगदी स्थूल आहे, असे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले. पुढे अनेकांनी रेषा उचलली आणि ही कबुली गाळली.

हा प्रमाद केवळ विद्वत्तेचा नव्हे. निकोला बकाएर यांनी २०१२ साली उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा समावेश करून ही साथ पुन्हा तपासली, तेव्हा ती ओसरण्यामागे ऋतुबदलाचा मोठा वाटा दिसला. कीलिंग आणि गिलिगन यांनी २००० साली दाखविले, की उंदरांच्या लहानशा वस्तीतही प्लेग वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो आणि उंदीर मारण्याची वेळ चुकली, तर माणसांतील साथ उलट भडकू शकते. समीकरणातून उंदीर वगळणे म्हणजे हा धोका दृष्टीआड करणे.

संदर्भ तोडून उद्धृत केलेल्या ओळीने मूळ अर्थाचा कसा विपर्यास होतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको. भारतीय भाषांच्या विद्यापीठीय अभ्यासाने आपली संहिताचिकित्सा काव्य-कथांपुरती मर्यादित ठेवू नये. मुंबईच्या मृतांवर उभारलेला तो निबंधही एक संहिताच आहे. तो मराठीत यावा, आणि यावयाचा तर त्यातील कबुलीसह समग्र यावा.