पहिली घंटा, दुसरी घंटा

देव घड्याळ पाहत नाही, हे वाक्य आमच्या मंडळीत दर रविवारी जितक्या वेळा ऐकू येते तितके एखादे शास्त्रवचनही ऐकू येत नसेल. उपासना नऊची असते. बाहेरच्या फळ्यावर खडूने तसे स्वच्छ लिहिलेले असते. साडेआठला पहिली घंटा होते, नवाला दुसरी. दुसरी घंटा थांबते तेव्हा आत पाळकसाहेब, पेटीवाला, तबल्यावरचा मुलगा आणि पुढच्या बाकांवरच्या सहा-सात म्हाताऱ्या एवढीच माणसे असतात. पहिले गीत संपेपर्यंत वीसेक होतात, शास्त्रपाठाच्या वेळी चाळीस, आणि उपदेश निम्मा झाल्यावर मंदिर कसे गच्च भरते! उशिराचे कारण कोणी विचारलेच, तर वरील वाक्य तयार असते.

त्यात खोटे काही नाही. देव घड्याळ पाहत नसावा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू ख्रिस्त त्याच्या गावी पोहोचला तेव्हा त्याला कबरेत ठेवून चार दिवस लोटले होते, असे योहानाच्या शुभवर्तमानात लिहिले आहे. तेव्हा उशिराचे वकीलपत्र घेणाऱ्यांना शास्त्राचा आधार अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. पण हा प्रश्न मुळी देवाचा नाहीच. तो त्या पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांचा आहे. रिकाम्या मंदिरात क्षीण आवाजात गीत सुरू करण्याची पाळी दर रविवारी त्यांच्यावरच का यावी?

या अंकाचे बहुतेक वाचक नाताळच्या रात्री गव्हाणीचा देखावा पाहण्यापलीकडे चर्चमध्ये फारसे गेलेले नसतील. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. देवळात दर्शनाला जाणारा माणूस आपल्या सवडीने जातो. काकड आरतीची वेळ ठरलेली असते हे खरे, पण दुपारी बाराला गेलेल्या माणसाला आपण उशिरा आलो असे वाटत नाही. तो घंटा वाजवतो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालून बाहेर येतो. उपासनेचे तसे नसते. ती सर्वांनी मिळून एका क्रमाने करायची गोष्ट आहे. आधी देवाच्या समक्षतेत येण्याचे आवाहन, मग गीत, मग सर्वांनी मिळून केलेला पापांगीकार, क्षमेचे आश्वासन, त्यानंतर शास्त्रपाठ, उपदेश, दान, प्रार्थना, आणि प्रभुभोजनाचा रविवार असेल तर भाकर व द्राक्षारस. पापांगीकार अगोदर का, याला कारण आहे. हात धुतल्यावाचून पानावर बसू नये, इतके साधे ते आहे. उपदेशाला येऊन पोहोचणारा माणूस न धुतल्या हाताने पंगतीत शिरतो आणि वाढप्याला भाजी कमी पडली म्हणून नावे ठेवतो.

कीर्तनाला जाणाऱ्यांना हे लगेच पटेल. नारदीय कीर्तनात नमन झाले की पूर्वरंग, मग मध्यंतरीचे भजन, आणि शेवटी उत्तररंगातले आख्यान. उत्तररंगाला आलेल्याला गोष्ट ऐकायला मिळते, पण ती गोष्ट बुवांनी का लावली हे कळत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन मराठी ख्रिस्ती उपासनेत आवर्जून रुजवले. त्यांच्या नगरातच आज पूर्वरंग रिकाम्या बाकांना ऐकवावा लागतो, याला काय म्हणावे?

दोन तऱ्हांतला हा फरक घंटेवरून चांगला कळतो. नाशिकला मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. ती पंचवटीतली घंटा मुळात पोर्तुगिजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिकडच्या अनेक घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. एक नारोशंकराच्या मंदिरात गेली, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, एक भीमाशंकरला. वसईला असताना त्या घंटेचे काम एका माणसाने दोरी ओढून सगळ्या गावाला एका वेळी बोलावण्याचे होते. देवळात टांगलेल्या घंटेचे काम वेगळे. तिथे जो येतो तो ती वाजवून आपण आल्याची वर्दी देतो. दोन्ही कामे आपापल्या जागी योग्यच आहेत. अडचण एवढीच की आमची मंडळी चर्चची घंटा ऐकतात आणि वागतात मात्र देवळातल्या घंटेप्रमाणे.

कॅथलिक बांधवांकडे या प्रश्नाचा हिशेबच मांडलेला होता. रविवारी मिस्साला हजर राहणे बंधनकारक. मग किती उशिरा आले तर हजेरी लागते? जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून याचा अगदी बारीक खल आहे. भाकर व द्राक्षारस अर्पण करण्यापूर्वी पोहोचले तर कर्तव्य पार पडले. त्याआधीचे चुकले तर दोष किरकोळ. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम ज्यांना ठाऊक आहे त्या माझ्या मित्रांना पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. नियमाने किमान मर्यादा आखली की माणसे नेमकी त्या रेषेवर येऊन उभी राहतात. वाचने लॅटिनमध्ये असत, तोवर सामान्य माणसाचे ती चुकली म्हणून मोठे नुकसानही होत नसे, हेही खरे. पण १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात लोकभाषेला वाट मोकळी करून दिली गेली आणि त्याच दस्तऐवजात असेही बजावले गेले की वचनाचा भाग आणि भोजनाचा भाग ही मिळून एकच उपासना आहे, आणि लोकांनी संपूर्ण मिस्सात भाग घ्यावा अशी शिकवण धर्मगुरूंनी आग्रहाने द्यावी. हे दोन्ही एकदमच यावे यात मला मोठी संगती दिसते. वसईतल्या बागाईतदाराला त्याच्या मराठीत यशया आणि पौल ऐकू येऊ लागले, त्या दिवसापासून त्याचा उशीर महाग झाला.

उशिरा येणाऱ्यांविषयी सर्वांत शहाणपणाने कोणी लिहिले असेल तर ते सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टने. त्याने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली केली तिचे त्रेचाळिसावे प्रकरण सर्वस्वी याच विषयावर आहे. उजाडण्यापूर्वीची रात्रीची प्रार्थना. माणसे झोपेतून उठून येणार. आरंभीचे स्तोत्र, म्हणजे आमच्या बायबलातले पंचाण्णवावे, मुद्दाम लांबवून, सावकाश म्हणावे, असे तो सांगतो. तेवढ्यात येणारे येऊन पोहोचतील. त्यानंतरही जो येईल त्याने आपल्या नेहमीच्या जागी उभे राहायचे नाही. सर्वांच्या शेवटी, किंवा अशा हयगय करणाऱ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागी, सगळ्यांना दिसेल असे उभे राहायचे. मग त्याला बाहेरच का ठेवू नये? बेनेडिक्टला माणसांची पुरेपूर पारख होती. बाहेर ठेवले तर एखादा परत जाऊन झोपेल, नाही तर दाराशी गप्पा छाटीत बसेल. त्यापेक्षा आत येऊ द्यावे, म्हणजे सगळेच गमावणार नाही. जेवणाच्या प्रार्थनेला वारंवार उशीर करणाऱ्याला मात्र एकट्याने, आणि वाट्याच्या द्राक्षारसावाचून, जेवावे लागे! सवलत, शरम आणि दया या तिन्ही गोष्टी इतक्या प्रमाणात एकत्र कालवलेल्या मी अन्यत्र वाचलेल्या नाहीत. आमच्याकडे यांपैकी एकच शिल्लक आहे, आणि ती म्हणजे सवलत.

येथवर वाचून एखादा पाळक हा लेख कापून सूचनाफलकावर लावील. त्याने पुढचेही वाचावे.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक चीड आणणारा प्रसंग आहे. प्रभुभोजनासाठी माणसे जमत, पण आधी येणारे आपापले खाऊन मोकळे होत. काही उपाशी राहत आणि काहींना चढलेली असे. आधी येणारे कोण आणि मागाहून येणारे कोण? अनेक अभ्यासक असा अर्थ लावतात की सवड असलेले सुखवस्तू आधी येत आणि कामावरून सुटणारे मजूर व गुलाम नंतर. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हतीच. ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली. पौलाने रागावून सांगितले ते उशिरा येणाऱ्यांना नव्हे, लवकर येणाऱ्यांना: एकमेकांसाठी थांबा. पुढे सुमारे ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला कळविले की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. वेळ पाळण्याचा उगम मला तिथे दिसतो. दिवस उजाडला की ज्यांना कोणाच्या तरी कामावर हजर व्हायचे आहे, त्यांना ठरलेली वेळ हाच आधार असतो.

म्हणून उशीर उशिरात फरक केला पाहिजे. रात्रपाळी संपवून थेट इस्पितळातून येणारी परिचारिका शेवटच्या आशीर्वादाला आली तरी तिच्यासाठी बाकावर सरकून जागा करावी. घरातल्या सहा जणांच्या भाकरी थापून, दोन पोरांच्या वेण्या घालून, सासूबाईंना हाताला धरून आणणारी बाई सव्वानऊला येते आणि तिचा नवरा तिच्याआधी पाच मिनिटे येऊन दाराशी ‘आमच्यांना नेहमीच उशीर’ म्हणून हसतो. त्या घरात उशीर कोणाचा, हे सुज्ञास सांगणे न लगे.

आणि एक तिसरा उशीर आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या माहितीतल्या एका मंडळीत सणाच्या दिवशी एका बड्या पाहुण्यांसाठी दुसरी घंटाच पाऊण तास थांबवून ठेवली होती. वाड्यावस्त्यांवरून पहिल्या एस.टी.ने आलेली माणसे मुलाबाळांसह बसून होती. पाहुणे आले, त्यांना पुढची खुर्ची मिळाली, हार मिळाला. उपासना संपली तेव्हा दुपारची एस.टी. निघून गेली होती आणि ती माणसे उन्हात पायी गेली. पौलाने ‘थांबा’ म्हटले ते यांच्यासाठी खासच नव्हे. गरिबासाठी थांबणे आणि श्रीमंतासाठी थांबणे या दोन गोष्टींना एकच क्रियापद लागते, ही भाषेची गैरसोय आहे. माझ्या मते वेळेचे बंधन आधी व्यासपीठावर, मग पहिल्या बाकावर, आणि मग बाकीच्यांवर. नवाला सुरू झालेली उपासना साडेदहाला संपावी, हाही त्याच बंधनाचा भाग आहे. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. त्याला पुन्हा उठवणारा पौल प्रत्येक मंडळीला लाभत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही घरात, मोबाइलच्या पडद्यापुढे साजरा केला. त्यावेळी तो मोठा आधार होता. पण त्या पडद्याने एक सवय लावली. ध्वनिचित्रमुद्रित उपासना केव्हाही सुरू करता येते, मधेच थांबवता येते, गीत कंटाळवाणे वाटले तर पुढे सरकवता येते. तिथे उशीर होतच नाही, कारण तिथे तुमची वाट पाहणारे कोणी नसते. मंदिरात असते. वेळेवर येणाऱ्याला आपल्यावाचून गीत कसे पोरके वाटत होते हे कळते, आणि उशिरा येणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त बोचते ते दाराशी उभे राहणे. बाक रिकामे असताना माणसे मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहतात. म्हणजे आशीर्वाद होताच पहिली गाडी आपली काढता येते. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेली आहेत. आमच्या पणज्यांना दाराशी, किंबहुना दारापासून खूप दूर, उभे राहण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. त्याच पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्यांना आत येण्याचा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आत बसण्याचा हक्क मिळाला, त्यांच्या नातवंडांनी आपखुशीने चौकट धरून उभे राहावे, हे मला पाहवत नाही.

आमच्या मंडळीत नऊची वेळ कोणी ठरवली हे आज कोणालाच सांगता येत नाही. ती साडेनऊ करावी, असा ठराव वार्षिक सभेत येतो आणि साडेनऊ केली तर लोक दहाला येतील, या कारणाने फेटाळला जातो. मांडणारेही पुरुष, फेटाळणारेही पुरुष. त्यापेक्षा एका रविवारी उपासना संपल्यावर बायकांनाच विचारावे की चुलीपुढून किती वाजता उठता येते. वाडीवरच्या माणसांना विचारावे की एस.टी. किती वाजता येते आणि परतीची किती वाजता जाते. त्यावरून जी वेळ निघेल ती फळ्यावर लिहावी. मग त्या वेळेला आत सात म्हाताऱ्या असोत की सातशे माणसे, पाहुणे आलेले असोत की नसोत, पेटीवाल्याने सूर धरावा. गीत मात्र जरा जास्त कडव्यांचे निवडावे.