तलवार बोथट, पण म्यान कशाचं?



माझा भाचा नोकरीसाठी स्कॉटलंडला असतो. तिथं जुन्या लढाया पोशाख घालून उभ्या करतात, त्यात तो हौसेनं जातो. त्यासाठी त्यानं हायलंडर लोकांच्या तलवारीची प्रतिकृती घ्यायची ठरवली. फोटो बघून आपल्या मंडळात एकच गलका! "जैनाच्या घरात शस्त्र?" एकीनं तर रत्नकरंड श्रावकाचार पुढे केला, की हिंसादानात तलवार आलीच आहे.

आली आहे, मी कुठे नाही म्हणते? पण ती जीव घेते म्हणून आली. खेळातल्या तलवारीला धार नसते, कडा जाड, टोक गोल. आपल्या ओट्यावरची विळी तिच्यापेक्षा शंभरपट धारदार. संग्राहकांसाठी धार लावूनही विकतात, तिला मात्र माझा साफ विरोध. भिंतीवर टांगायच्या वस्तूला धार कशाला?

आता मूठ बघा. मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची टोपली असते, हातावर वार बसू नये म्हणून. राजगादीच्या भांडणात 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या माळावर हे लोक अशा तलवारी घेऊन तोफा-बंदुकांवर धावले. तासाभराच्या आत खेळ खलास. त्यांच्या बाजूची हजारावर माणसं मेली-घायाळ झाली. टोपली हातापुरती, गोळीपुढे काय करणार? मग कायदा करून त्यांची शस्त्रंच काय, पोशाखसुद्धा बंद केला. सव्वा किलोचं लोखंड हातात धरून पोराला हे कळत असेल तर कळू दे की. आपण जेवताना मालिकेतले खून बघतो, ती दुःश्रुतीही त्याच पाच अनर्थदंडांत आहे!

माझा राग वेगळाच आहे. या टोपलीला आतून चामड्याचं अस्तर, मुठीवर माशाचं कातडं, म्यान चामड्याचं. जुन्या तलवारींचं असंच असे, आणि प्रतिकृतीतही बहुधा चामडं असतंच. जाहिरातीत खाली लिहिलेलं असतं, पण खालपर्यंत वाचतंय कोण? (बी.कॉम. झाल्यापासून मला शेवटच्या ओळीपासून वाचायची खोड आहे.) मंदिरात शिरताना कमरेचा पट्टा काढायला लावणाऱ्या आपण, लोखंड बघून किंचाळलो आणि ज्यासाठी खरोखर जनावर मेलं त्याबद्दल एकीनंही तोंड उघडलं नाही. अशा कितीतरी तलवारी आपल्याच डेहराडूनला बनून तिकडे जातात. तेव्हा परदेशातलं पाप म्हणून हात झटकायचीही सोय नाही.

भाच्याला मी तीनच प्रश्न विचारायला लावले: अस्तर कशाचं, मूठ कशानं मढवलेली, म्यान कशाचं. अस्तर लाल बनातीचं मिळालं, मूठ लाकडावर तार गुंडाळलेली. म्यान मात्र चामड्याचंच होतं, ते त्यानं घेतलं नाही. गंजू नये म्हणून पात्याला तेलाचा हात देतो आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवतो.