आधी घरचे पाहा?

गाझासाठी आझाद मैदानावर जमण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली. त्याविरुद्धची डाव्यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. वर उपदेश असा, की आधी आपल्या देशाचे प्रश्न पाहा. १९३८ साली या देशाजवळ काय होते? स्वराज्यदेखील नव्हते! तरीही जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनकडे काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यांतलेच. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. त्यांची देशभक्ती उणी होती काय? औषधांची पेटी धाडणारा दानशूर आणि बॉम्ब कोण टाकतो हे विचारणारा मात्र अदूरदर्शी, हा कुठला न्याय? ऑगस्टमध्ये मैदान मिळाले, तेही पुन्हा न्यायालयाची पायरी चढल्यावर.