कौल कोणत्या प्रश्नाचा?

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षाची निवड होते आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडील वृत्तपत्रांतून 'जनतेने निःसंदिग्ध कौल दिला' अशा अर्थाचे मथळे झळकू लागतात. २०२४ च्या नोव्हेंबरातही ते झळकले. त्यानंतर तेथील सरकारने जे जे केले, त्याचे समर्थन करताना आपल्यातील कित्येक सुशिक्षित माणसे हाच शब्द ढालीसारखी पुढे करतात. 'लोकांनीच कौल दिला आहे, मग बोलणार कोण?' हा त्यांचा बिनतोड म्हणून समजला जाणारा सवाल. तो बिनतोड तर नाहीच, पण कौल या शब्दाचाही त्यात अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कौल म्हणजे काय, हे देवळाच्या सभामंडपात वाढलेल्या वाचकांना मी सांगावे असे नाही. देवाच्या अंगी ओल्या पाकळ्या लावल्या जातात, यजमानाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते, आणि गाऱ्हाण्यात एक नेमका प्रश्न असतो: ही सोयरीक करावी की करू नये? विहीर या जागी खणावी की त्या? उजवी पाकळी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. जो प्रश्न घातला त्याचेच उत्तर मिळते, इतर कशाचेही नाही. सोयरिकीला उजवा प्रसाद मिळाला एवढ्यावर एखादा यजमान शेजाऱ्याचे कुळागर आपल्या कबजात घेऊ लागला आणि 'देवाचा कौल आहे' असे सांगू लागला, तर महाजन त्याला देवळाच्या पायऱ्या उतरायला लावतील. अमेरिकेतील सत्ताधारी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, गेली दोनशे वर्षे नेमके हेच करीत आले आहेत. आणि तेथील महाजन मात्र टाळ्या वाजवतात.

याचा आरंभ बहुधा अँड्र्यू जॅक्सन या अध्यक्षापासून धरावा लागेल. त्याने १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या सनदेचे नूतनीकरण नकाराधिकाराने अडवले, त्याच वर्षी तो पुन्हा निवडून आला, आणि १८३३ मध्ये सरकारी ठेवी त्या बँकेतून काढून घेताना त्याने आपल्या मंत्र्यांना ऐकवले की लोकांनी निवडणुकीतच बँकेचा निकाल लावलेला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या कर्त्यांना असली कल्पना सुचलीही नव्हती. रॉबर्ट डाल या थोर राज्यशास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक निबंध लिहून अध्यक्षीय कौल ही निव्वळ दंतकथा आहे असे दाखवून दिले. त्याचा युक्तिवाद साधा आहे. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे असतात. कारणे लिहायला तेथे जागा नसते. कोट्यवधी माणसे कोट्यवधी कारणांनी एका नावावर खूण करतात. मोजली जाते ती खूण, आणि विजयी पुरुष वाचून दाखवतो ती मात्र कारणे!

लिंडन जॉन्सन यांचे उदाहरण घ्या. १९६४ मध्ये त्यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते पडली. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर हे युद्धखोर आहेत आणि आपण शांततेचे पुरस्कर्ते आहो, हाच त्यांच्या प्रचाराचा एक मुख्य सूर होता; आशियातील मुलांनी लढायची लढाई लढण्यास अमेरिकन मुले हजारो मैल दूर धाडणार नाही, असे ते जाहीर सभांतून सांगत होते. मार्च १९६५ मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन नौसैनिक उतरले, आणि वर्ष संपेपर्यंत व्हिएतनाममध्ये एक लाख ऐंशी हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. हा कौल कोणी दिला? ज्यांनी दिला म्हणावे, त्यांनी नेमके उलट मागितले होते. निक्सन यांनी १९७२ मध्ये पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना राजीनामा देऊन घरी जावे लागले. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता २०२४ कडे वळू. विजयाच्या रात्रीच ट्रम्प यांनी आपल्याला अभूतपूर्व आणि समर्थ कौल मिळाल्याचे जाहीर केले. निर्वाचकमंडळाच्या ५३८ मतांपैकी ३१२ त्यांना मिळाली, हे खरे. पण प्रत्यक्ष मतदारांची मते मोजली तर त्यांना ४९.८ टक्के आणि कमला हॅरिस यांना ४८.३ टक्के मते पडली. म्हणजे निम्मेही नव्हेत. मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांनी मत दिले हे ध्यानात घेतले, तर विजयी उमेदवाराच्या मागे पात्र नागरिकांपैकी तिघांतला एकही पुरता उभा नव्हता. ट्रम्प यांची निवड अवैध होती असे मी यत्किंचितही म्हणत नाही. ते नियमानुसार जिंकले आणि राज्य करण्याचा अधिकार त्यांना मिळाला. अधिकार आणि कौल या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

'पण त्यांनी आपला कार्यक्रम लपवला कोठे होता?' असे विचारले जाईल. आक्षेप रास्त आहे. आयातीवर जबर जकात बसवू, परक्यांना हद्दपार करू, हे ते सभासभांतून सांगत होते. तथापि मतदाराने त्या सांगण्यातील काय उचलले, हा प्रश्न उरतोच. त्या वर्षी पुष्कळ मतदारांच्या मनात सर्वांत वर महागाई होती. २०२२ च्या जूनमध्ये तेथील भाववाढ ९.१ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती आणि दुकानातील वाढलेले दर खाली आले नव्हते. अंड्यांचा भाव उतरावा म्हणून ज्याने खूण केली, त्याने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवण्याचा कौल दिला होता काय? ती जकात ऑगस्ट २०२५ मध्ये बसली, आणि तिचे एक प्रमुख कारण रशियन तेलाची खरेदी हे सांगण्यात आले. १९ सप्टेंबर २०२५ च्या फर्मानाने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरांचे शुल्क लादले, तेही कोणत्या सभेत लोकांपुढे ठेवले होते? या परवान्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या वाट्याला जात आले आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, मडगाव, बेळगाव येथल्या किती घरांतून त्या रात्री दूरध्वनी झाले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. आणि तरीही आपल्याच बैठकांतून 'लोकांचा कौल' म्हणून मान डोलावली जाते, याचे मला वैषम्य वाटते.

लोकमत म्हणजे एकदा कोरलेला शिलालेख नव्हे. ख्रिस्तोफर व्लेझिएन या अभ्यासकाने १९९५ मध्ये लोकमताला उष्णता राखणाऱ्या यंत्राची उपमा दिली. खोली फार तापली की ते यंत्र आपोआप थंडीकडे वळते. तसेच सरकार एका दिशेला फार गेले की लोक दुसरीकडे झुकतात. ओबामांचा आरोग्यविषयक कायदा २०१० मध्ये झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्याला अनुकूल असणाऱ्यांपेक्षा प्रतिकूलच अधिक आढळत; तो रद्द करण्याचा घाट २०१७ मध्ये घातला गेला, तेव्हा मात्र तोच कायदा निम्म्याहून अधिक लोकांना हवासा वाटू लागला. परदेशातून येणाऱ्यांचा प्रश्नही तसाच. गॅलप संस्थेच्या पाहणीत २०२४ साली ५५ टक्के अमेरिकन लोक परक्यांचे येणे कमी करा म्हणत होते. हद्दपारीची मोहीम सुरू झाल्यावर, २०२५ च्या उन्हाळ्यात, तसे म्हणणारे ३० टक्के उरले, आणि बाहेरून येणारी माणसे देशाच्या हिताची आहेत असे मानणारे ७९ टक्के झाले. एका वर्षात! आता यातला कौल कोणता धरायचा, पहिला की दुसरा?

यावर काही विद्वान उलट टोकाला जातात आणि अमेरिकन मतदार हाच मूर्ख व चंचल ठरवून मोकळे होतात. ही चूक पहिलीचीच जुळी बहीण आहे. पहिल्यांना वाटते लोक सर्व काही बोलले, दुसऱ्यांना वाटते लोकांना बोलताच येत नाही. व्ही. ओ. की या राज्यशास्त्रज्ञाचा १९६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच तुच्छतेविरुद्ध लिहिलेला आहे. मतदाराला जसा प्रश्न विचाराल तसे तो उत्तर देईल. १९४१ मध्ये डोनाल्ड रग याने दाखवले की लोकशाहीविरोधी भाषणांना 'बंदी घालावी काय' असे विचारले तर ५४ टक्के लोक बंदीच्या बाजूने होते, पण 'परवानगी द्यावी काय' असे विचारताच ७५ टक्के लोकांनी परवानगी नाकारली. गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या जिभेवर किती अवलंबून असते ते पाहा.

प्रश्न नेमका घातला तर लोक नेमके उत्तर देतात, याचा दाखला आपल्या घरातच आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरण की संघप्रदेश, एवढाच प्रश्न होता. १,७२,१९१ मते संघप्रदेशाला, १,३८,१७० विलीनीकरणाला पडली. तो निकाल या नियतकालिकाच्या वाचकांपैकी कोणाला रुचला, कोणाला आजतागायत रुचलेला नाही. पण लोक कशाविषयी बोलले याबद्दल त्या दिवसापासून कोणी वाद घातलेला नाही. कौल म्हणावा तो असा.

अमेरिकेतही असे कौल घेतले जातात. संघराज्याच्या पातळीवर नाही, पण अनेक घटक राज्यांत मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली थेट प्रश्न छापलेले असतात. मिसुरी राज्याचे मतदार ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान केंद्रात गेले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ५८ टक्क्यांनी ट्रम्प यांच्या नावावर खूण केली. त्याच मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालावा काय, असा प्रश्न होता; ५१.६ टक्क्यांनी होय म्हटले. किमान वेतन ताशी पंधरा डॉलरांपर्यंत न्यावे आणि कामगाराला भरपगारी आजारपणाची रजा मिळावी काय, असाही प्रश्न होता. त्याला ५७ टक्क्यांहून अधिक होकार मिळाला. म्हणजे ज्या हातांनी रिपब्लिकन अध्यक्ष निवडला, त्यांतल्याच पुष्कळ हातांनी रिपब्लिकन पुढाऱ्यांना नको असलेल्या गोष्टी मागितल्या. एका दिवशी, एका कागदावर, एकाच लेखणीने.

यानंतर काय व्हावे? नावावरच्या खुणेतून ज्यांना शंभर प्रश्नांची उत्तरे वाचता येतात, त्यांना या छापील प्रश्नांची छापील उत्तरे तरी वाचता यावीत. पण मिसुरीच्या विधिमंडळातील बहुमताने गर्भपाताचा प्रश्न पुन्हा मतदानाला घालण्याचा ठराव २०२५ मध्ये मंजूर केला. पहिले उत्तर सोयीचे नव्हते. आजारपणाच्या रजेसाठी तर पुन्हा विचारण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. ती रजा १ मे २०२५ पासून लागू झाली होती. विधिमंडळाने ती रद्द करणारा कायदा केला, राज्यपालांनी जुलैत त्यावर सही केली, आणि २८ ऑगस्ट २०२५ रोजी मतदारांनी स्वतः मागून घेतलेली ती रजा चार महिनेही पुरते न होता संपुष्टात आली.