गाडी पळवायला सगळेच शिकवतात, थांबवायला कोण शिकवतं?

दसरा आणि पाडवा हे गाडी घ्यायचे मुहूर्त. सोलापूर जिल्ह्यात या दिवसांत तालुक्याच्या शोरूमसमोर झेंडूचे हार घातलेल्या मोटारसायकलींची रांग लागते. पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, पेढे वाटले जातात आणि गाडी गावात येते. दिवाळी उरकली की कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर उतरतात. दिवस लहान झालेला असतो, सहा-साडेसहाला अंधार पडतो. नवी गाडी, नवा चालवणारा, अंधार आणि उसाची ट्रॉली, हे सगळं वर्षातल्या त्याच दीड-दोन महिन्यांत एका रस्त्यावर जमतं.

अपघात झाला की चर्चा होते ती ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता की नव्हता याची. ती व्हायलाच पाहिजे. पण चालवणाऱ्या पोराला गाडी थांबवता येत होती का, हे कोणी विचारत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात जवळपास 45. महाराष्ट्रातला आकडा 15,224. शहरात गर्दी जास्त म्हणून मरणंही तिथंच जास्त, असा समज असतो. तो चुकीचा आहे. देशातले 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. कारण शोधायला लांब जायला नको. गावाकडचे रस्ते सुधारले, डांबर आलं, काँक्रीट आलं, गाड्यांचा पिकअप वाढला. गाडी शिकायची पद्धत मात्र राजदूतच्या काळातलीच राहिली.

अर्ध्या तासाची शाळा

ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. शाळेचं मैदान किंवा मळ्याकडचा रस्ता. मागे चुलता, मामा नाहीतर मित्र बसलेला. "क्लच दाब, पहिला टाक, आता हळूच सोड, रेस दे, रेस दे." दोनदा गाडी बंद पडते, तिसऱ्यांदा निघते. पोरगा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपर्यंत गेला की शिकवणारा खाली उतरतो. "आली तुला गाडी." अर्ध्या तासात शाळा सुटते आणि आठवड्याभरात पोरगा तालुक्याला जाऊन येतो.

या अर्ध्या तासात गाडी सुरू करणं, गिअर टाकणं आणि तोल सांभाळणं एवढंच शिकवलं जातं. अचानक समोर काही आलं तर काय करायचं, हे शिकवलं जात नाही. ब्रेकबद्दल एकच वाक्य सांगितलं जातं, "पुढचा ब्रेक लावू नको, पडशील."

हे वाक्य वेडेपणाचं नाही, त्यामागे अनुभव आहे. खडीच्या, मुरमाच्या, चिखलाच्या रस्त्यावर हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी खरोखर घसरते. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचे रस्ते तसेच होते आणि गाड्या तीस-पस्तीसच्या वर जात नव्हत्या. आता रस्ता डांबरी आहे आणि काटा सत्तरवर आहे. सल्ला मात्र तोच आहे, आणि तो आता जीव घेतो.

एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे कलंडतात. मोटारसायकलचंही तसंच होतं. ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला की चाक घासत जातं, गाडी आडवी होते आणि थांबायची तेवढी थांबत नाही. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते.

हिशोब क्रिकेटच्या पिचने करता येईल. पिच साधारण 20 मीटरचं असतं. समोर अडथळा दिसल्यापासून हातपाय हलायला एक सेकंद धरला, रस्ता कोरडा, टायर बरे आणि दोन्ही ब्रेक नीट लावले, तर 40 च्या वेगातली गाडी साधारण एका पिचमध्ये थांबते. 60 च्या वेगाला दोन पिच लागतात. वेग दीडपट झाला तरी अंतर दीडपट होत नाही, जवळपास दुप्पट होतं. आणि 60 च्या वेगात नुसता मागचाच ब्रेक लावला तर तीन पिच पुरत नाहीत.

सरकारने यावर गाडीत उपाय केलेला आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या दुचाकींना सीबीएस बंधनकारक आहे. सीबीएसमध्ये दोन ब्रेक जोडलेले असतात, त्यामुळे मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण बऱ्याच गाड्यांना ते पुढच्या चाकालाच असतं. शोरूममधून गाडी बाहेर काढताना मायलेज सगळे विचारतात. आपल्या गाडीला यातलं काय आहे आणि ते कसं वापरायचं, हे क्वचितच कोणी विचारतं. आणि बापाची जुनी गाडी शिकायला घेतलेल्या पोराकडे यातलं काहीच नसतं.

हे फक्त इकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत 1981 साली हर्ट अहवाल म्हणून ओळखला जाणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यात सापडलेले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. निम्म्याहून जास्त जणांना ती गाडी हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. अहवाल जुना आहे, देश वेगळा आहे. तरी पाच महिन्यांची गोष्ट पाडव्याला घेतलेल्या गाडीला अगदी जुळते. पाडव्यापासून पाच महिने म्हणजे बरोबर गाळपाचा हंगाम.

अंधारात दिसतं किती?

बहुतेक गाड्यांचा डिपर स्पष्ट दाखवतो तो तीस-चाळीस मीटरपर्यंत. म्हणजे दीड ते दोन पिच. 60 च्या वेगात थांबायलाच दोन पिच लागत असतील, तर बंद पडलेली बिनदिव्याची ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात गाडी तीस-पन्नास मीटर पुढे गेलेली असते. उजेड डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर न्यायची आणि रेस सोडायची, एवढी साधी गोष्टही शिकवावी लागते. रात्री अशा रस्त्याला 40 च्या वर जायचं नाही, हा नियम पोलिसांच्या भीतीचा नाही. तो दिव्याच्या उजेडाचा आहे.

ट्रॉलीवाल्यांचीही एक सवय बोलायला हवी. टायर पंक्चर झाला की मागे दोन-तीन मोठे दगड लावतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात. हंगामात कारखाने आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, फोटोही येतात. दगड उचलायची मोहीम कोणी घेतलेली ऐकिवात नाही.

लायसन्स आलं, परीक्षा राहिली

महाराष्ट्रात 2021 पासून लर्निंग लायसन्स घरबसल्या निघतं. आधार जोडायचं, मोबाइलवर परीक्षा द्यायची. सोय चांगली आहे. अकलूज किंवा सोलापूरला हेलपाटा मारण्यापेक्षा केव्हाही बरी. पण प्रश्न पोरानेच सोडवले की शेजारी बसलेल्याने, हे मोबाइलला कळतंच असं नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. मधला महिना सरावासाठी ठेवलेला आहे. प्रत्यक्षात तो वाट बघण्यात जातो.

या काळातले नियमही फारसे कोणाला माहीत नसतात. गाडीला पांढऱ्यावर लाल अक्षरात 'एल' लावायचा असतो. मागे बसायचंच असेल तर फक्त लायसन्स असलेला शिकवणारा बसू शकतो, दुसरं कोणी नाही. आणि आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात नवी गाडी ट्रिपल सीट तुळजापूरला दर्शनाला जाते.

पक्क्या लायसन्सच्या वेळी तालुक्याच्या कॅम्पला मैदानात आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला नाही की पास. आठमध्ये तोल कळतो, पण वेग नसतो, समोर कोणी येत नसतं आणि जोरात ब्रेक मारायची वेळ येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 15 वा नियम पाहिला तर त्यात अचानक प्रसंगी गाडी थांबवता येते का हे तपासायचं स्पष्ट लिहिलेलं आहे. कागदावरची ही परीक्षा मैदानात बहुतेक वेळा होत नाही. कॅम्पला एका दिवसात किती उमेदवार असतात आणि तपासणारे किती, हे पाहिलं की का होत नाही तेही समजतं. तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोरव्हीलर शिकवतात. मोटारसायकल शिकायला पैसे देणारा गावात हसण्यावारी नेला जाईल, मग स्कूलवाले तरी कशाला सुरू करतील?

खर्चाची बाजू

पोरगा सतरा वर्षांचा आहे, दहावी-बारावीच्या क्लासला जातो, एसटी वेळेवर नसते, म्हणून गाडी दिली. अडचण खरी आहे. पण कायदा ती ऐकत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोलीस भरतीची किंवा ड्रायव्हरकीची स्वप्नं बघणाऱ्या पोरासाठी यातली शेवटची शिक्षा सगळ्यात मोठी.

इन्शुरन्स आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. लायसन्स नसलेल्याच्या हातून समोरचा माणूस गेला, तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेक प्रकरणांत दिले आहेत. ती रक्कम लाखांत असते आणि वसुली सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. दुसरं, पॉलिसीतलं 15 लाखांचं अपघात संरक्षण गाडीच्या मालकाला असतं, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. बापाच्या नावची गाडी पोराने चालवली आणि तो एकटाच घसरून गेला, तर त्या 15 लाखांचा त्याच्यासाठी उपयोग नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, पण मयत स्वतः गाडी चालवत असेल तर तिथेही लायसन्स मागतात. तालुका कृषी कार्यालयात कागद अडतो तो इथेच.

हेल्मेटबद्दल सगळं बोलून झालेलं आहे, तरी एक गोष्ट. नवी दुचाकी विकताना आयएसआय मार्कचं हेल्मेट देणं हे विक्रेत्यावर नियमाने बंधनकारक आहे. हार आणि पेढे मिळतात, हेल्मेट मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. मागून घ्यावं, आणि बिलात पाहावं. डोक्याला घट्ट बसणारं आणि पट्टा लावलेलं हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी कमी करतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब सांगतो. कोपराला अडकवलेलं हेल्मेट कोपर वाचवतं.

बायकांची अडचण वेगळी आहे. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, कॉलेजच्या मुली आता स्कूटी शिकतात. पोराला मैदान मोकळं असतं. बाईने गाडी हातात घेतली की कट्ट्यावरची सगळी नजर तिच्यावर. मग ती पहाटे पाचला किंवा अंधार पडल्यावर शिकते, नाहीतर थेट रस्त्यावर. स्कूटीला दोन्ही ब्रेक हातात असतात आणि गडबडीत ब्रेकबरोबर रेसही पिळली जाते. त्यामुळे तिला मैदानाची गरज जास्त आहे, आणि मिळतं मात्र सगळ्यात कमी.

उपाय फार खर्चाचा नाही. ग्रामपंचायतीने रविवारी सकाळी दोन तास शाळेचं मैदान द्यावं, अर्धा वेळ फक्त बायकांसाठी. शिकवायला गावातलाच एखादा एसटीचा किंवा लष्करातून निवृत्त झालेला ड्रायव्हर बोलवावा. विटा मांडायच्या आणि विटांपाशी थांबायचं. आधी 20 च्या वेगाला, हँडल सरळ ठेवून, मागचा दाबत पुढचा हळूहळू पिळत. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा दाबायचा. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं की लगेच सोडून पुन्हा दाबायचा. हे पंधरा-वीस वेळा जमलं की वेग 30, मग 40. वळणावर ब्रेक नाही, वळणाआधी. मैदान झालं की एक दिवस मळ्याकडच्या खडीवर, म्हणजे तिथे तोच पुढचा ब्रेक किती कमी दाबावा लागतो ते हाताला कळेल. सगळ्यात शेवटी मागे माणूस बसवून हेच सगळं पुन्हा करायचं, कारण दोघांच्या वजनाने थांबायचा अंदाज चुकतो. मागे बसणारा मात्र लायसन्स असलेलाच हवा.