पोराला परदेशी पाठवा, पण एकटं पाठवू नका

विटा-आटपाडीकडचा पोरगा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात दक्षिणेत गेला, तर तो चुलत्याच्या नाहीतर गाववाल्याच्या दुकानात जायचा. पाटणचा पोरगा मुंबईत माथाडी झाला, तर गावच्याच माणसांच्या खोलीत राहायचा. अपशिंग्याचा पोरगा फौजेत गेला, तर पलटणीत आपली बोली बोलणारे भेटायचे. सातारा-सांगलीने पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवली, पण कुणाच्या तरी हवाली करून. जर्मनीला किंवा अमेरिकेला एमएस करायला निघालेलं आजचं पोर मात्र दोन बॅगा घेऊन एकटंच जातं.

तिथे डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. प्राध्यापकांचं बोलणं सुरुवातीला अर्धंच कळतं. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. पोर संध्याकाळी दमून खोलीवर येतं, तेव्हा इथे पहाट असते. डोक्यावर शिक्षणकर्ज, गावात लागलेले अभिनंदनाचे फलक. मग फोनवर एकच उत्तर येतं, ‘बरं चाललंय.’

पहिले काही महिने जीव रमत नाही, रडू येतं. हा दुबळेपणा नाही, आणि बहुतेकांचं हळूहळू सावरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण तुटलं, पोर वर्गाला जाईना, व्हिडिओ कॉल टाळू लागलं, तर मदत घ्यायलाच हवी. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसलेलंच बरं’ असं काही बोललं, तर उद्यावर टाकू नका. बोलत राहा, आणि तिथल्या मित्राला ताबडतोब त्याच्या खोलीवर पाठवा.

यासाठी निघण्याआधीच घरात एक कागद करा. त्यावर खोलीतल्या जोडीदाराचा, एका मित्राचा आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा नंबर लिहा. संकटकाळचे नंबरही लिहा: अमेरिका आणि कॅनडा ९८८, ब्रिटन आणि आयर्लंड ११६ १२३, ऑस्ट्रेलिया १३ ११ १४, जर्मनी ०८०० १११० १११. तुमचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नसेल तर इथे १४४१६ हा सरकारी ‘टेली-मानस’ नंबर लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

फोनवर ‘जेवलास का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कुणाबरोबर जेवलास?’ हेही विचारा. पोर एकटं पडलंय का, ते त्यातून कळतं. प्रत्येक वेळी हप्त्याचा विषय काढू नका. आणि एकदा स्पष्ट सांगून ठेवा, ‘नाहीच जमलं तर परत ये, कर्जाचं आपण मिळून बघू.’ ज्याला परतीची वाट मोकळी आहे, तो तिथे टिकायची शक्यता जास्त.

पोरांनो, तुम्हालाही सांगणं आहे. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडत नाहीत आणि बोलणं गुप्त राहतं. तिथे गेलं म्हणून व्हिसा जात नाही. न सांगता वर्ग सोडले तर मात्र जाऊ शकतो. अमेरिकेत आजारपणामुळे विषय कमी करायची परवानगी मिळते, पण ती आधी घ्यावी लागते. आपली माणसंही शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तुमच्या शहरात असं मंडळ असेल तर गणपतीची वाट न पाहता जा. मात्र मैत्री आपल्याच माणसांपुरती ठेवू नका. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे भेटलेले नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना जन्मभर पुरले.

शेवटचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना. एखादं पोर शिक्षण अर्धवट टाकून परत आलं, तर ‘का आलास?’ म्हणून पारावर चौकशी करू नका. त्याला चहाला घरी बोलवा.